उत्खननाचा हिशेब कोणाला द्यायचा?

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक आर्थिक दस्तऐवज कोरलेला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन निकायांकडे सुपूर्द केल्याचा हा लेख आहे. २,००० कार्षापण एका निकायाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्याकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे लेख सांगतो. हिशेब चोख जुळतो. परंतु लेखाचा खरा विशेष पुढे आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवण्यात आला, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कसब विणकरांचे होते, पैसा वापरण्याचा अधिकारही त्यांचा होता. पण नोंद त्यांच्या घरात नव्हती. ती नगराच्या सभेत होती, आणि शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी दगडावर होती.

निगमसभा ही काही आजच्या अर्थाने लोकांची सभा नव्हे. नगरातील धनवंत व्यापारी आणि गृहस्थ यांची ती सभा. तिच्यात कुंभाराला आणि तेल्याला किती बोलू देत असतील याविषयी शंका घेण्यास पुरेपूर जागा आहे. तरीही व्यवसायाची संघटना आणि तिचा हिशेब मागणारी सभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे भान त्या काळच्या गोवर्धनाला होते. याच लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्याचे नमूद आहे. त्या ठेवी कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींकडे होत्या. म्हणजे हा प्रकार एखाद्या राजाच्या जावयापुरता नव्हता.

हे लेख ज्यांनी वाचले, उकलले आणि प्रसिद्ध केले त्या पुरातत्त्वविद्येचा आज स्वतःचा निकाय कोणता, त्याचे अधिकार किती आणि त्याची निगमसभा कोठे आहे, हा या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम विद्येचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञाने चुकीचा अंदाज वर्तवला तर पुढच्या वर्षी दुसरा अर्थशास्त्रज्ञ तीच आकडेवारी घेऊन त्याला खोडून काढू शकतो. आणि चुकलेला अर्थशास्त्रज्ञ बहुधा एखाद्या समितीवर नेमला जातो. उत्खननात ही सोय नाही. मातीचा थर एकदा उकरला की तो संपला. त्या थरात कोणते खापर कोणत्या राखेशेजारी होते हे उत्खनकाच्या वहीत लिहिले गेले नसेल, तर ते पुन्हा कधीही कळणार नाही. उत्खनन म्हणजे जे पुस्तक एकदाच वाचता येते आणि वाचता वाचता ज्याची पाने जळून जातात अशा पुस्तकाचे वाचन. म्हणून ज्याने खणले पण अहवाल दिला नाही त्याच्यात आणि रात्री गुप्तधनासाठी टेकाड फोडणाऱ्यात हेतूचा फरक असला, तरी परिणामाचा फरक फार थोडा उरतो.

१९५०-५१ मध्ये जुन्या नाशकातील गोदाकाठच्या मातीच्या गढीवर डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगीन माणसांची सूक्ष्मास्त्रे आणि रंगीत खापरे, त्यावर लोखंड आणि झिलईदार काळी भांडी वापरणारे प्रारंभिक ऐतिहासिक काळाचे नगर, त्यावर सातवाहनकाळ आणि रोमन व्यापाराच्या खुणा, आणि मध्ये मोठा खंड पडून वर मुसलमानी-मराठा काळाची वस्ती असा क्रम त्यांना मिळाला. नाशिक आणि प्रवरेकाठचे जोर्वे या दोन्ही स्थळांचा एकत्रित अहवाल १९५५ मध्ये छापून निघाला. चार-पाच वर्षे. त्याच संस्थेने नेवाशाचे १९५४ ते ५६ चे काम १९६० मध्ये लोकांपुढे ठेवले आणि इनामगावचे १९६८ ते १९८३ अशा दीर्घ काळाचे काम १९८८ मध्ये. या कामाच्या पद्धतीत मॉर्टिमर व्हीलरने १९४४ मध्ये तक्षशिलेस सुरू केलेल्या शिक्षणवर्गाचा वारसा होता, पण त्याहून अधिक वाटा सांकलियांच्या स्वतःच्या शिस्तीचा होता. कोणत्याही व्यावसायिक परिषदेने त्यांच्यावर मुदत लादलेली नव्हती.

इथेच प्रश्नाची मेख आहे. जे चांगले झाले ते चारित्र्यामुळे झाले, आणि जे वाईट झाले त्याला जाब विचारणारी यंत्रणा नव्हती. महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कारभाराची तपासणी केली. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारकांचा ठावठिकाणाच लागला नाही. प्रलंबित उत्खनन-अहवालांबद्दलही त्यांनी ताशेरे ओढले. सर्वेक्षणाने नंतर आकडा खाली आणला. हरवलेली स्मारके २४ च आहेत असे सांगण्यात आले, जणू काही २४ स्मारके हरवणे ही किरकोळ रोखीची तूट असावी. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ही गोष्ट उजेडात आणली ती हिशेबतपासनिसांनी. पुरातत्त्वज्ञांच्या एखाद्या संघटनेने नव्हे.

संघटना नाहीत असे नाही. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी १९६७ पासून आहे आणि 'पुरातत्त्व' हे तिचे नियतकालिक अभ्यासकांत मान्यता पावलेले आहे. प्रागितिहास आणि चतुर्थक काळाच्या अभ्यासकांची संस्था पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आश्रयाने १९७० च्या दशकात उभी राहिली. 'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट' हे तिचे प्रकाशन. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाची जी संस्था आहे ती १९८० मध्ये स्थापन झाली. ज्या जिल्ह्यात १९०६ साली जोगळटेंभी येथे नहपानाच्या सुमारे १३ हजार चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि ज्या नाण्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, त्या जिल्ह्यात अशी संस्था असावी हे औचित्याला धरूनच आहे. या संस्थांनी शोधनिबंध छापले, अधिवेशने भरवली, तरुणांना व्यासपीठ दिले. ज्ञानाचा दर्जा राखण्याचे काम समव्यवसायी माणसेच करू शकतात. एखादा थर खरोखरच इ.स.पूर्व आहे की वरून घसरलेल्या मातीचा आहे हे मंत्र्याला कळणार नाही, न्यायाधीशालाही कळणार नाही. तेथे पुरातत्त्वज्ञाच्या चुकीला दुसरा पुरातत्त्वज्ञच पकडू शकतो. व्यावसायिक संघटनेचे अधिष्ठान हे आहे आणि ते लहान नाही.

परंतु संघटनेने निबंधाचा दर्जा ठरवणे वेगळे आणि व्यवसायाचे नियमन करणे वेगळे. नियमनासाठी हातात काही तरी लागते. वकिलाची सनद १९६१ च्या कायद्याने वकील परिषदेकडे आली. वास्तुशिल्पज्ञांची परिषद १९७२ च्या कायद्याने झाली. चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था १९४९ च्या कायद्याची. पुरातत्त्वज्ञाला अशी सनद नाही, आणि म्हणून काढून घेण्यासारखेही काही नाही. संघटनेचे सभासदत्व गेले तर त्याचे फार तर एक नियतकालिक बंद होईल.

मग अधिकार कोठे आहेत? ते शासनाकडे, आणि शासनातही एका खात्याकडे आहेत. राष्ट्रीय महत्त्वाखेरीजची पुरातत्त्वीय स्थळे घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. तरीही १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार राज्य सरकारलाही असंरक्षित जागेत उत्खनन करावयाचे तर केंद्राची पूर्वसंमती घ्यावी लागते. विद्यापीठाला परवाना मागावा लागतो तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. हेच सर्वेक्षण स्वतः देशातील सर्वांत मोठे उत्खनक आहे, सर्वांत जास्त पुराणवस्तूंचे राखणदार आहे, आणि आपल्या उत्खननांचे अहवाल केव्हा व कसे छापायचे हेही तेच ठरवते. एखाद्या साखर कारखान्याने उसाचा भाव स्वतःच ठरवावा, काटाही स्वतःचाच लावावा आणि शेजारच्या गुऱ्हाळाला परवाना द्यायचा की नाही हेही स्वतःच ठरवावे, त्यातला हा प्रकार. १९४५ पासून एक केंद्रीय सल्लागार मंडळ आहे. विद्यापीठांचे आणि विद्वत्-संस्थांचे प्रतिनिधी त्यावर असतात. पण मंडळ नावाप्रमाणे सल्लागार आहे; सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन कोणावर नाही.

ज्याच्या हाती परवाना त्याच्यावर टीका कोण करणार? प्राध्यापकाचे स्वतःचे एक वेळ निभावेल, पण त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उत्खननावर अवलंबून असतात. संघटनांच्या अधिवेशनात सर्वेक्षणाचे वरिष्ठ अधिकारी सन्मानाने बसलेले असतात. त्यांतले पुष्कळसे उत्तम विद्वान आहेत हे निःसंशय. परंतु माणसे चांगली असल्यामुळे रचनेतला दोष नाहीसा होत नाही.

या दोषाची फळे अयोध्येच्या प्रकरणात दिसली. त्याआधी एक उलट उदाहरण सांगितले पाहिजे. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे पुरातत्त्वज्ञांची जागतिक परिषद भरली. वर्णविद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील विद्वानांना तीत प्रवेश द्यायचा नाही असा निर्णय संयोजकांनी घेतला. विद्येत राजकारण आणले म्हणून जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांची मान्यता काढून घेतली, पण परिषद झाली आणि तीतून जागतिक पुरातत्त्व काँग्रेस ही नवी संघटना जन्माला आली. १९९० मध्ये व्हेनेझुएलातील अधिवेशनात तिने मूलनिवासी समाजांविषयीची आचारसंहिताही संमत केली. पूर्वजांच्या अस्थींवर संग्रहालयाचा हक्क आधी की वंशजांचा, हा प्रश्न विद्वानांनी आपण होऊन स्वतःला विचारला ही त्या व्यवसायाच्या इतिहासातील मोठीच गोष्ट होती.

याच काँग्रेसचे तिसरे अधिवेशन डिसेंबर १९९४ मध्ये नवी दिल्लीत भरले. बाबरी मशीद पाडल्याला दोन वर्षे होत होती, आणि सहा डिसेंबर हा दिवस अधिवेशनाच्या काळातच येत होता. अयोध्येच्या विषयावर चर्चा होऊ द्यायची नाही असे काँग्रेसच्या कार्यकारिणीने ठरवले. ज्या संघटनेने प्रिटोरियापुढे मान तुकवली नाही तिने दिल्लीत मौन पत्करले. समारोपाच्या सभेत मंचावर झटापट झाली आणि अधिवेशन गोंधळात संपले. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, क्रोएशियातील एका बेटावर त्याच संघटनेने सांस्कृतिक वास्तूंच्या विध्वंसावर वेगळी परिषद घेऊन या विषयाला वाट करून दिली. क्रोएशियात अयोध्येची चर्चा होऊ शकली, भारतात नाही.

२००३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने सर्वेक्षणाने अयोध्येत उत्खनन केले. मार्चमध्ये सुरुवात झाली आणि ऑगस्टमध्ये अहवाल न्यायालयात दाखल झाला. ही तत्परता इतर स्थळांच्या वाट्याला क्वचितच येते. सुन्नी वक्फ बोर्डाच्या वतीने निरीक्षक म्हणून उपस्थित राहिलेल्या सुप्रिया वर्मा आणि जया मेनन या दोन पुरातत्त्वज्ञांनी २०१० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त उत्खननपद्धतीवर आणि अहवालातील खांबांच्या बैठकींच्या अर्थावर सविस्तर आक्षेप घेतले. त्यांचे म्हणणे बरोबर की सर्वेक्षणाचे, हा मुद्दा येथे नाही. मुद्दा असा की, असा वाद सोडवण्याची योग्य जागा व्यवसायाची स्वतःची सभा ही होती. थरांच्या रेखाकृती आणि नोंदवह्या सर्व अभ्यासकांपुढे ठेवून समव्यवसायींच्या तटस्थ मंडळाने परीक्षण करावे, असे कोणत्याही संघटनेने घडवून आणले नाही. वाद न्यायालयात गेला आणि तेथे साक्षीपुराव्याच्या नियमांनी सुटला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात सर्वेक्षणाचा अहवाल ग्राह्य धरला, आणि मंदिर पाडून मशीद बांधली असे त्यातून सिद्ध होत नाही असेही नमूद केले. पहिला भाग देशाने ऐकला, दुसरा फारसा ऐकला नाही.

राजकारणाचा वारा एकाच दिशेने वाहतो असे समजू नये. तमिळनाडूतील कीळडीचे उदाहरण घ्या. २०१४ पासून तेथे काम करणाऱ्या अमरनाथ रामकृष्णन या सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्याची २०१७ मध्ये आसामला बदली झाली. पुढे तेथील उत्खनन राज्याच्या पुरातत्त्व खात्याने हाती घेतले. रामकृष्णन यांनी आपल्या कामाचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये सादर केला. २०२५ मध्ये सर्वेक्षणाने तो सुधारून मागितला, त्यांनी कालनिश्चिती बदलण्यास नकार दिला, आणि त्यानंतर त्यांची पुन्हा बदली झाली. दिल्लीला हा अहवाल नकोसा आणि चेन्नईला हवाहवासा, कारण दोघांनाही त्यात आपापली प्राचीनता मोजायची आहे. अहवालात दोष असतील तर ते छापून दाखवता आले असते. न छापता दुरुस्त करण्याचा आग्रह ही शास्त्राची रीत नव्हे. अशा वेळी एखाद्या संघटनेने अहवाल जसा आहे तसा आणि आक्षेपांसह प्रसिद्ध करा एवढी साधी मागणी नेटाने लावून धरली असती, तरी तिच्या अस्तित्वाचे सार्थक झाले असते.

यावर एक उपाय सुचवला जातो तो असा की, पुरातत्त्वज्ञांचीही कायद्याने परिषद स्थापन करा, नोंदणी सक्तीची करा आणि नोंदणी नसलेल्याला कुदळ लावू देऊ नका. इंग्लंडमध्ये १९८२ मध्ये क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञांची संस्था निघाली व २०१४ मध्ये तिला राजसनद मिळाली. अमेरिकेतही नोंदणीपुस्तक आहे. पण त्या देशांतील परिस्थिती निराळी. तेथे बांधकाम करणाऱ्याने जागेच्या पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च सोसावा अशी व्यवस्था आहे आणि त्यामुळे खासगी उत्खनन-कंपन्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. संस्थेचे पुष्कळसे लक्ष कमी दराच्या निविदा आणि तरुण उत्खनकांचे तुटपुंजे वेतन यांवर जाते, आणि ते योग्यही आहे. तथापि ज्याच्या पैशाने तपासणी होते त्याला जागा लवकर मोकळी हवी असते, हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे वैधानिक परिषदांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. भारतीय वैद्यक परिषद २०१० मध्ये बरखास्त करावी लागली आणि २०२० मध्ये तिच्या जागी नवा आयोग आणावा लागला. एकाच धंद्यातील माणसे एकत्र जमली म्हणजे संभाषणाचा ओघ बहुधा ग्राहकाच्या खिशाकडे वळतो, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच ओळखले होते. पुरातत्त्वात ग्राहक म्हणजे सारा समाज. त्यातून या विद्येचा किती तरी भाग पदवी नसलेल्यांनी उभा केला आहे. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गातील कातळशिल्पांचा शोध आणि नोंद मोठ्या प्रमाणावर केली ती व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नसलेल्या निसर्गप्रेमी मंडळींनी आणि त्यांना सड्यावर वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांनी. २०२२ मध्ये या शिल्पांची नावे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत बारसूचे नाव आहे. त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये पोलीस बंदोबस्तात मातीपरीक्षण सुरू झाले, तेव्हा रणरणत्या उन्हात आडव्या झाल्या त्या गावातील बायका. त्यांना आपली जमीन, आंबा-काजू आणि पाणी वाचवायचे होते. कातळशिल्पे त्याच मातीचा भाग होती. नोंदणीकृत विद्वानांपुरतेच पुरातत्त्व ठेवले तर या लोकांचे स्थान कोणते?

त्रिरश्मीचेच पाहा. २०२१ च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी डोंगरावरील पाण्याचा चर साफ करण्याचे काम चालू असताना तीन नव्या गुंफा दृष्टीस पडल्या. दोन शतके विद्वान त्या डोंगरावर चढत-उतरत आहेत. नगर जिल्ह्यातील दायमाबादची कांस्याची रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा ही जगप्रसिद्ध शिल्पे १९७४ मध्ये सापडली ती झाडाचे मूळ खणून काढताना एका भिल्लाला. ती रीतसर उत्खननात सापडली नाहीत म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत अजूनही दुमत आहे. संग्रहालयातील कपाटापुढे उभा राहणारा माणूस रथाचे कौतुक करतो. ज्याच्या कुदळीने तो वर आला त्याच्या वाट्याला काय आले, याची विचारपूस व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही. उत्खननावर रोजाने काम करणारे मजूर मातीच्या रंगावरून थर ओळखतात, भिंतीची रेघ बोटांनी चाचपून सांगतात, हे प्रत्येक प्रामाणिक उत्खनक मान्य करील. अहवालाच्या आभारात मात्र ते 'मजूर' या एका शब्दात सामावतात. सूत आणि सुताचा भाव सांभाळणारा विणकर निकायाचा सभासद होता. कुदळ सांभाळणारा आजच्या निकायाचा नाही.

आणि मग ज्यांच्या पायाखाली हे सारे आहे ते लोक. महाराष्ट्रातील प्राचीन वसाहतींची टेकाडे म्हणजे गावाची पांढर. काळी कसायची आणि पांढरीवर राहायचे, ही गावगाड्याची जुनी विभागणी. पांढरीची माती भिंतीला आणि धाब्याला उत्तम आणि शेताला खत म्हणूनही चांगली, म्हणून शेतकरी ती शतकानुशतके गाडीने नेत आला. त्याला एका फलकाने गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. त्याला दुसरी माती आणि खत कोठून मिळेल हे सांगणे कठीण, आणि ते कोणत्याही विद्वत्-परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसते. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरांत नवे बांधकाम नाही आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीशिवाय नाही, असा नियम २०१० च्या दुरुस्तीने घट्ट झाला. नियम आवश्यकच होता. परंतु बंगला बांधणाऱ्याला आणि गळके छप्पर शाकारणाऱ्याला तो एकाच दारात उभा करतो, आणि त्या दारात ताटकळत राहणे कोणाला परवडते हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

तेव्हा व्यावसायिक संघटनांकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये? दर्जा, प्रशिक्षण, परस्परांच्या कामाची निर्भीड छाननी, अन्यायाने बदली झालेल्या समव्यवसायींच्या पाठीशी उभे राहणे, मजुरांच्या वेतनाचा आणि नावाच्या उल्लेखाचा किमान दंडक, या गोष्टी त्यांनी कराव्यात, आणि त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र परवाना देण्याचा अधिकार सर्वेक्षणाकडून काढून संघटनेकडे सोपवणे म्हणजे एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत जाणे होईल. परवाना स्वतंत्र प्राधिकरणाने द्यावा. त्यावर सर्वेक्षण, राज्ये आणि विद्यापीठे असावीत, पण बहुमत उत्खनन न करणाऱ्यांचे असावे. अहवालाची मुदत कायद्यात लिहावी आणि ती टळल्यास, उत्खनक सरकारी असो वा विद्यापीठाचा, पुढचा परवाना अडवावा. नोंदवह्या व रेखाकृती त्या मुदतीनंतर कोणाही अभ्यासकाला खुल्या व्हाव्यात. ज्या गावात खणायचे तेथील ग्रामसभेत वा प्रभागात काम सुरू होण्यापूर्वी निवेदन व्हावे, आणि काम संपल्यावर काय सापडले ते तेथील भाषेत सांगावे. नाशिकचा १९५५ चा अहवाल इंग्रजीत आहे. ज्या गढीची ती कथा आहे तिच्यावर राहणाऱ्यांपैकी किती जणांच्या तो हाती पडला असेल?

ही गढी काझीची गढी म्हणूनही ओळखली जाते. वर्षानुवर्षे पावसाळ्यात तिचा नदीकडील कडा ढासळत आला आहे, घरे धोक्यात येतात, महापालिका नोटिसा बजावते, संरक्षक भिंतीचा विषय निघतो आणि पाऊस ओसरला की तोही ओसरतो. ढासळते ती माती सांकलियांनी वाचलेल्या थरांची आहे आणि तिच्याबरोबर खाली येण्याची भीती बाळगून झोपणारी माणसे कष्टकरी आहेत. त्यांचे पुनर्वसन आधी आणि योग्य जागी व्हावे, आणि गढीचा कडा सावरताना उघड्या पडणाऱ्या थरांची नोंद त्याच वेळी व्हावी, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. आजवर पहिली मागणी झोपडपट्टीच्या कार्यकर्त्यांनी केली आणि दुसरी अभ्यासकांनी, तीही निरनिराळ्या कचेऱ्यांत. सिंहस्थाच्या निमित्ताने गोदेच्या दोन्ही काठांवर खोदकामे होतात, आणि कायदेशीर रिंगणाबाहेर यंत्र चालताना तेथे पुरातत्त्वज्ञ उभा असलाच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. डेक्कन कॉलेजला, नाशिकच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना आणि अंजनेरीच्या संस्थेला विनंती करून काठावर पाळीने माणसे उभी करणे, आणि त्यांच्या नोंदी महापालिकेच्या सभेत वाचल्या जाव्यात असा ठराव नगरसेवकांकडून करून घेणे, हे येत्या पावसाळ्यापूर्वी करता येण्याजोगे काम आहे.